आठांतला एक

खारघर व्हॅली गोल्फ कोर्सवर सुटीच्या सकाळी थोडा वेळ उभं राहिलं की एक गोष्ट लक्षात येते. पहिल्या टीवर ड्रायव्हर हा लांबचा क्लब फिरतो, चेंडू डोंगराच्या दिशेने दोनशे यार्ड उडतो, सोबतचे दाद देतात, कुणीतरी मोबाइलवर चित्रण करतं. थोड्या वेळाने ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, तोच माणूस दोन पावलांवरच्या भोकात चेंडू घालू शकत नाही. तिथे कुणी मोबाइल काढत नाही. मैदानावरचे खरे निःश्वास मात्र ग्रीनवरच ऐकू येतात.

सिडकोने 2012 साली सुरू केलेलं हे मैदान सुमारे 103 हेक्टरांवर पसरलेलं आहे. मुंबई परिसराला गोल्फ नवा नाही. रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब 1842 सालचा, चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब 1927 सालचा. पण जुन्या क्लबांत शिरायचं तर सदस्यत्व हवं. खारघरचं मैदान सार्वजनिक आहे, पैसे भरून कुणालाही खेळता येतं. त्यामुळे लहानपणी गोल्फ न पाहिलेली, चाळिशीत किंवा निवृत्तीनंतर हातात पहिल्यांदा क्लब धरणारी माणसं इथे येतात. त्यांना ड्रायव्हर अवघड वाटणं स्वाभाविक आहे, कारण ती हालचालच शरीराला अनोळखी असते. पटिंगचं कोडं वेगळं. त्यात उडवायचं काही नाही, ताकद लागत नाही, कंबर वळवायची नाही. चेंडू जमिनीवरून लोटायचा, एवढंच. नातू आणि आजोबा दोघांनाही ही हालचाल सारखीच जमते. मग चेंडू आत का जात नाही?

हा प्रश्न किरकोळ नाही. अठरा होलांच्या मैदानाचं पार, म्हणजे अपेक्षित फटक्यांची संख्या, साधारण 72 असतं आणि त्यात प्रत्येक होलला दोन पट, म्हणजे पटरचे फटके, गृहीत धरलेले असतात. म्हणजे कागदावर निम्मे फटके ग्रीनवरचे. चांगले व्यावसायिक खेळाडू एका फेरीत 29-30 पटांत काम उरकतात, हौशी खेळाडूला बरेचदा छत्तीसही पुरत नाहीत. पिशवीत चौदा क्लब ठेवता येतात, पण सर्वाधिक वेळा बाहेर निघतो तो पटरच.

पट चुकला की आपल्याकडे एकच निदान होतं: घाबरला. हे निदान मला फार दिवस खुपत आलं आहे, आणि त्याचं कारण पुण्यात जन्मलेला एक खेळाडू आहे.

अनिर्बन लाहिरीचा जन्म 1987 साली पुण्यात, लष्करी डॉक्टरांच्या घरात झाला. ऑक्टोबर 2015 मध्ये तो दक्षिण कोरियात इंचॉनला प्रेसिडेंट्स कप खेळत होता. अमेरिका विरुद्ध युरोप सोडून उरलेलं जग, अशी ही सांघिक स्पर्धा. तिथवर पोहोचलेला तो पहिला भारतीय. शेवटच्या दिवशी एकेरी सामन्यात क्रिस कर्कशी त्याची अठराव्या होलपर्यंत बरोबरी होती. कर्कचा चेंडू होलपासून पंधरा फुटांवर, लाहिरीचा जेमतेम चार फुटांवर. कर्कने पंधरा फुटांवरून चेंडू आत घातला. लाहिरीचा चार फुटांचा पट चुकला. अमेरिकेने स्पर्धा साडेपंधरा विरुद्ध साडेचौदा अशी जिंकली. तो पट गेला असता तर सामना बरोबरीत सुटून अर्धा गुण इकडे आला असता, आणि निव्वळ बेरजेच्या हिशेबात पंधरा-पंधरा झालं असतं. एवढं सगळं एका पटाला चिकटल्यावर त्याचं खापर मनावर फुटणार, हे ठरलेलंच होतं.

आता दुसरा हिशेब पाहू. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी अमेरिकन पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेतल्या फटक्यांच्या नोंदी घेऊन कोणत्या अंतरावरून किती पट आत जातात याचं कोष्टक मांडलं. त्यांच्याच पद्धतीवर आधारलेला पटिंगचा आकडा टूरने 2011 पासून अधिकृतपणे द्यायला सुरुवात केली. या कोष्टकानुसार जगातले सर्वोत्तम खेळाडू तीन फुटांवरून शंभरात सुमारे 96 पट घालतात, चार फुटांवरून 88, पाच फुटांवरून 77. आठ फुटांवर प्रमाण निम्म्यावर येतं. दहा फुटांवरून चाळीस, पंधरा फुटांवरून तेवीसच्या आसपास, वीस फुटांवरून पंधरा. शंभरात 88 म्हणजे चार फुटांवरून आठांतला एक पट चुकणारच. लाहिरीचा तो आठांतला एक होता. कर्कचा पट मात्र चारांतला एक, आणि तो नेमका त्याच दिवशी गेला. एका फेरीत नव्वदच्या घरात फटके घेणाऱ्या हौशी खेळाडूचं निम्मं प्रमाण आठ नाही, पाच फुटांवरच येतं. खारघरला सहा फुटांवरून चुकल्यावर जो माणूस स्वतःवर चिडतो, तो दोनांत एकदाही न जाणाऱ्या पटासाठी स्वतःला शिक्षा देत असतो. टीव्हीवर आपण आघाडीवर असलेल्यांचेच पट पाहतो, आणि त्या दिवशी ते आघाडीवर असतात कारण त्या दिवशी त्यांचे पट पडत असतात. त्यांना पाहून आपली अपेक्षा बिघडते.

हे प्रमाण इतकं झपाट्याने का कोसळतं, याचं उत्तर आधी भूमितीत आहे. होलचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे 108 मिलिमीटर. स्कॉटलंडमधल्या मसलबराला 1829 पासून होल पाडायचं जे अवजार होतं त्याचं हे माप, आणि 1891 साली ते सगळीकडे नियम म्हणून लागू झालं. चेंडू सुमारे 43 मिलिमीटरचा. होलच्या मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर 54 मिलिमीटर. दहा फुटांवरून हे 54 मिलिमीटर म्हणजे जवळपास एक अंशाचा कोन. सपाट ग्रीनवर दहा फुटांच्या सरळ पटाला चेंडू एक अंशाहून जास्त भरकटला तर तो कडेबाहेर गेलाच. वीस फुटांवर ही सवलत अर्ध्या अंशाची. चेंडू निघतो ती दिशा मुख्यतः पटरच्या तोंडाच्या रोखावर ठरते, हात कोणत्या रेषेत फिरला यावर फारच कमी. घड्याळाच्या मिनिटकाट्याला एक अंश सरकायला दहा सेकंद लागतात. एवढासा फरक डोळ्याला तर दिसत नाहीच, तळहातालाही कळत नाही.

तरीही दिशा हा सोपा भाग आहे. खरी अडचण वेगाची, आणि ती नवख्यांच्या लक्षात फार उशिरा येते.

कॅरमचा बोर्ड थोडा तिरका ठेवला, पावडर सगळीकडे सारखी टाकली नाही, आणि भोकाच्या आकारानेही स्ट्रायकरच्या वेगाप्रमाणे लहान-मोठं व्हायचं ठरवलं, तर जो खेळ होईल तो पटिंगच्या जवळचा. होल वेगाप्रमाणे लहान होतं ही कविकल्पना नाही. ब्रायन होम्स यांनी 1991 साली अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्समध्ये त्याचं गणित मांडलं. चेंडू अगदी मधोमध आला तरी सेकंदाला 1.63 मीटरहून जास्त वेग असेल तर तो होलवरून पलीकडे निघून जातो. मध्यापासून जितका बाजूला, तितका हा वेग कमी लागतो. कडेवर आलेला चेंडू फक्त मरणाऱ्या वेगातच आत पडतो. म्हणजे जोरात मारलेल्या पटासाठी 108 मिलिमीटरचं होल प्रत्यक्षात खूपच अरुंद असतं. अगदी हळू मारावं, तर शेवटच्या फुटभरात प्रत्येक खळगा चेंडूला हलवतो. डेव्ह पेल्झ हे नासातली नोकरी सोडून पटिंगचा अभ्यास करणारे गृहस्थ. त्यांनी ठरवलेला तोडगा असा की, होल चुकलं तर सुमारे सतरा इंच पुढे जाऊन थांबेल इतक्या वेगाने चेंडू यावा. सतरा इंच म्हणजे जेमतेम दोन वीत. वीस फुटांवरून इतकं मोजून मारायचं, तेही उतारावर.

उताराचं गणित एकदा कागदावर मांडून पाहिलं की ग्रीनकडे बघण्याची नजरच बदलते. ग्रीन किती पळतं हे मोजायला स्टिम्पमीटर नावाचं साधन वापरतात. 1935 सालची यूएस ओपन ओकमाँटला झाली, तिथल्या ग्रीनची गती पाहून एडवर्ड स्टिम्पसन यांनी ते तयार केलं. तीन फूट लांबीची खाच असलेली पट्टी. तिच्यावर चेंडू ठेवून एक टोक हळूहळू उचलायचं, ठरावीक कोनाला चेंडू आपोआप सुटतो आणि सपाट जागी जितके फूट जातो तितकी त्या ग्रीनची गती. समजा गती दहा आहे, आणि ग्रीनला शंभर फुटांत दोन फूट एवढाच उतार आहे. सहज चालताना तो लक्षातही येत नाही. सपाटीवर दहा फूट जाणारा तोच फटका उताराच्या दिशेने सुमारे साडेतेरा फूट जातो आणि चढावर आठ फुटांच्या आसपास थांबतो. दीडपटीहून जास्त फरक! एका पटाला जे मनगट शिकलं, ते पुढच्याच होलला उलट दिशेने कामाला येत नाही. म्हणून जाणकार खेळाडू ग्रीनवर येण्याचा, अप्रोचचा फटका असा मारतात की चेंडू होलच्या खालच्या अंगाला राहावा आणि पट चढाचा मिळावा. चढाच्या पटाला जोर धरून मारता येतं, वळणही कमी मिळतं.

आडवा उतार याहून फसवा. चेंडू सुरुवातीला वेगात असतो, तेव्हा उताराला त्याला ओढायला वेळ मिळत नाही. वेग मरायला लागला की वळण सुरू होतं आणि बरंचसं वळण शेवटच्या टप्प्यात पडतं. पिशवी उचलणारा कॅडी 'एक कप डावीकडे', म्हणजे होलच्या रुंदीइतकं डावीकडे, म्हणतो तेव्हा तो फक्त दिशा सांगत नसतो, एका विशिष्ट वेगाची दिशा सांगत असतो. त्याच्या मनातला वेग आणि तुमच्या हातातला वेग निराळे असले तर बरोबर सल्लाही चुकीचा ठरतो. हौशी खेळाडू वळण कमी धरतात, हे पेल्झ यांच्या निरीक्षणातही दिसलं. त्यांचे बहुतेक पट होलच्या खालच्या बाजूने निसटतात. खालून निसटलेल्या पटाला आत जाण्याची शक्यताच उरत नाही, कारण उतार त्याला होलपासून दूरच नेत असतो. वरच्या बाजूने चुकणारा पट निदान शेवटपर्यंत होलकडे येत राहतो. माझ्या मते नव्या खेळाडूला पटिंगबद्दल एकच गोष्ट सांगायची असेल तर ती ही: वाटतं त्याहून जास्त वळण धरा.

खारघरसारख्या जागी डोळ्यांची आणखी एक पंचाईत असते. डोंगराच्या पायथ्याच्या मैदानावर सगळी पार्श्वभूमीच तिरकी दिसते. डोळा आडवी रेघ शोधतो, आणि समोर क्षितिजाऐवजी डोंगराची उतरती धार असेल तर ग्रीनचा लहानसा उतार उलटा किंवा सपाट भासू शकतो. रस्त्यावर उताराला लावलेली गाडी चढाकडे सरकताना दिसते ती ठिकाणं याच भ्रमाची. म्हणून डोंगराळ मैदानांवर जुने खेळाडू एकच नियम सांगतात: शंका आली तर चेंडू डोंगरापासून दूर वळणार असं धरा. काही जण डोळ्यांवर विसंबतच नाहीत. ते होलपर्यंतच्या रेषेवर पाय फाकून उभे राहतात आणि कोणत्या पायावर भार जास्त पडतो ते पाहतात. पायाला डोंगर दिसत नाही.

आणि मग गवत. उष्ण हवेतल्या मैदानांवर सर्वाधिक वापरात असलेलं बर्म्युडा गवत म्हणजे वनस्पतिशास्त्रात सायनोडॉन डॅक्टिलॉन, आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. ग्रीनवर तिचे बुटके संकरित वाण लावतात आणि ते तीन-चार मिलिमीटरांवर कापतात. दूर्वा ज्यांनी खुडली आहे त्यांना तिचा स्वभाव माहीत असतो: ती सरळ उभी वाढत नाही, धावत, पसरत जाते. ग्रीनवरही तिची पाती एका बाजूला कलतात. यालाच ग्रेन म्हणतात. ग्रेनच्या दिशेने चेंडू पळतो, ग्रेनच्या विरुद्ध अडखळतो, आणि आडव्या ग्रेनमध्ये उतार नसतानाही सरकतो. एका बाजूने ग्रीन चकचकीत दिसलं तर ग्रेन तुमच्यापासून दूर चालली आहे, गडद आणि मंद दिसलं तर तुमच्याकडे येते आहे. होलच्या कडेलाही खूण सापडते: जिथली कड विस्कटलेली, करपलेली दिसते तिकडे गवत वाढतंय. थंड देशांतल्या बेंट गवतावर शिकलेली पुस्तकी सूत्रं इथे जशीच्या तशी चालत नाहीत. परदेशी प्रशिक्षकांचे व्हिडिओ पाहून शिकणाऱ्या नवी मुंबईकराला ही गोष्ट कुणीतरी आधीच सांगायला हवी.

शिवाय एकच ग्रीन दिवसभर एक राहत नाही. पहाटेच्या दवात चेंडू मागे ओली रेघ सोडत रखडतो, ऊन चढल्यावर तोच पृष्ठभाग पळू लागतो, आणि दमट दिवसांत संध्याकाळपर्यंत गवत पुन्हा वाढून त्याला मंद करतं. पावसाळ्यात तर हिशेबच बदलतो. जमीन पाण्याने भरलेली, ढगांमुळे ऊन नाही, यंत्र फिरवलं तर चाकं रुततात. म्हणून कापणीची उंची वाढवावी लागते. जून ते सप्टेंबर मंद ग्रीनवर जोरात मारायची सवय लागते आणि दिवाळीनंतर कोरड्या, पळत्या ग्रीनवर तीच सवय प्रत्येक पट पाच फूट पुढे नेते. मधूनमधून जमीन मोकळी व्हावी म्हणून ग्रीनला भोकं पाडून त्यांत वाळू भरतात. ते गवताच्या आरोग्यासाठी अत्यावश्यक असतं, पण त्या आठवड्यांत चेंडू उड्या मारत जातो. पेल्झ यांनी आणखी एक बारीक गोष्ट टिपली. प्रत्येक चौकडी होलभोवती चालते, पण अगदी कडेला, शेवटच्या फुटभरात, कुणी पाय ठेवत नाही. त्यामुळे दुपारपर्यंत होलभोवतीचा पट्टा तुडवला जाऊन खाली बसतो आणि होलची कड किंचित उंचावर राहते. मरत आलेल्या चेंडूला शेवटी एक अदृश्य चढ चढावा लागतो. शेवटच्या क्षणी बाजूला झुकलेल्या अशा पटाला 'हात हलला' म्हणणं हा खेळाडूवर अन्याय आहे.

मनाचा भाग मी नाकारत नाही. तो आहे, आणि मोजलाही गेला आहे. डेव्हिन पोप आणि मॉरिस श्वाइट्झर या दोन अभ्यासकांनी 2011 साली पीजीए टूरवरच्या पंचवीस लाखांहून जास्त पटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असं दिसलं की सारख्याच अंतरावरचा पट पार वाचवण्यासाठी असेल तर जास्त वेळा जातो आणि बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी, मिळवण्यासाठी असेल तर कमी वेळा. फरक शंभरात सुमारे दोनचा. गुणपत्रिकेवर दोन्ही फटक्यांची किंमत एकच, पण जवळचं जाऊ नये म्हणून माणूस जास्त नेटाने खेळतो. मला यात लक्षणीय वाटतो तो आकडा: शंभरात दोन. मन खेळात आहेच, पण दहा फुटांवरून चुकणाऱ्या साठ पटांचं ओझं त्याच्या एकट्याच्या खांद्यावर टाकता येत नाही.

यिप्स हा मात्र खरा छळ आहे, आणि त्याबद्दल हलकेपणाने बोलू नये. फटक्याच्या ऐन क्षणी मनगटाला झटका बसतो, दोन फुटांवरचा चेंडू सहा फूट पुढे जातो. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी यावर काम केलं. त्यांच्या मते काहींच्या बाबतीत हा दडपणाचा परिणाम असतो, तर काहींच्या बाबतीत तो मज्जासंस्थेचा विकार असतो, लेखनिकांच्या बोटांना होतो त्या जातीचा. जर्मनीच्या बर्नहार्ड लँगरला तो पुन:पुन्हा झाला. त्याने पकड बदलली, हात उलटे केले, दोनदा मास्टर्स जिंकली, आणि पुढे लांब पटरही घेतला. पटर छातीला टेकवून मारण्यावर 2016 पासून बंदी आली, त्यावेळी अशा खेळाडूंचा एक आधार गेला.

नजर स्थिर ठेवण्याचा उपाय कॅनडातल्या जोन विकर्स यांच्या अभ्यासातून आला. 1992 पासून त्यांनी पट मारणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या. चांगले खेळाडू फटक्याआधी चेंडूवरच्या एका बिंदूवर दोन-तीन सेकंद नजर ठेवतात आणि चेंडू गेल्यावरही ती क्षणभर तिथेच राहते. कच्च्या खेळाडूंची नजर चेंडू, पटर, होल अशी भटकत राहते. याला पैसे लागत नाहीत, घरच्या फरशीवरही सराव होतो.

पटिंग शिकून माणूस कुठवर जाऊ शकतो हे 2021 साली अदिती अशोकने दाखवलं. टोकियो ऑलिंपिकमध्ये कासुमिगासेकीच्या मैदानावर तिचे ड्राइव्ह बाकीच्या पदक-दावेदारांच्या कितीतरी मागे पडत होते. त्यामुळे तिला ग्रीनवर पोहोचायला लांबचे क्लब घ्यावे लागत. तरी चार दिवस ती पदकाच्या शर्यतीत राहिली ती पटरच्या जोरावर. आई तिची कॅडी होती. शेवटच्या होलवरचा बर्डीचा पट गेला असता तर ती लिडिया को आणि मोने इनामी यांच्या बरोबरीला आली असती. तो लांबचा पट थोडक्यात राहिला आणि ती चौथी आली. त्या शनिवारी गोल्फचा गंधही नसलेली कितीतरी मराठी घरं टीव्हीसमोर बसून एका पटाची वाट पाहत होती. तसं आपल्याकडे आधी कधी घडलं नव्हतं.

या सगळ्यातून मला एक मागणी सुचते, आणि ती नवी मुंबईपुरती आहे. गोल्फला जागा फार लागते, हा आक्षेप खरा आहे. नेरूळला पाणथळ जागेवर गोल्फ मैदान करण्याच्या योजनेविरुद्ध पर्यावरणप्रेमी नागरिक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 साली त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. फ्लेमिंगो उतरतात त्या जागेवर फेअरवे नको, असंच माझंही मत आहे. पण पटिंगला फेअरवे लागत नाही. काही गुंठ्यांत चांगलं, चढउतारांचं पटिंग ग्रीन होतं. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजला 1867 साली स्त्रियांचा असाच पटिंग क्लब निघाला. त्याच्या उंचसखल ग्रीनला 'हिमालयाज' म्हणतात, आणि आजही तिथे थोडे पैसे देऊन कुणीही, मुलाबाळांसकट, पटर हातात घेऊ शकतं.

नवी मुंबईच्या सेक्टरांत उद्यानं आहेत, हरळी आहे, संध्याकाळी बाकांवर बसलेली निवृत्त मंडळी आहेत आणि क्रिकेटला जागा न मिळालेली मुलं आहेत. सिडकोने किंवा महापालिकेने अशा एका उद्यानात पटिंग ग्रीन करावं, भाड्याने पटर ठेवावेत, आणि खारघरच्या मैदानावर ग्रीन राखणाऱ्या माळ्यांकडूनच त्याची देखभाल करून घ्यावी. गवत तीन मिलिमीटरवर कसं जगवायचं हे त्यांना येतं, आणि होल रोज नव्या जागी कसं हलवायचं हेही.